काटा अडला, आकडा नडला

गाडी छान पळतेय, खिडकीतून वारा येतोय, मुलं मागच्या सीटवर भांडतायत. सगळं कसं नेहमीसारखं. फक्त समोरच्या मीटरमधला वेगाचा काटा शून्यावर ढिम्म बसलेला. अशा वेळी आपण काय करतो? मीटरच्या काचेवर टिचकी मारतो. जुन्या रेडिओला थाप मारायची आपली सवय काही जात नाही. टिचकीनं काटा हलत नाही, मग आपण मनाची समजूत घालतो: गाडी चालतेय ना, मग झालं!

नाशिकला माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी ही समजूत आठ महिने टिकली. ताई शाळेत शिकवते आणि २००७ सालची छोटी गाडी स्वतः चालवते. काटा बंद पडला तेव्हा किलोमीटरचा आकडा ७१,४१२ वर थांबला. भाऊजी म्हणाले, "बघू सवडीनं." पण पुढेपुढे एक नवाच त्रास सुरू झाला. सिग्नलपाशी ताईनं पाय अॅक्सिलरेटरवरून काढला, गाडी संथ झाली की इंजिन गपकन बंद पडायचं. एकदा द्वारका चौकात असंच झालं. मागे ट्रक, त्याच्या मागे आणखी दोन, आणि सगळ्यांचे हॉर्न. ताई घरी आली ती हात थरथरतच. त्याच दिवशी ठरलं, गाडी विकायची.

एका गॅरेजमध्ये दाखवली, तर सांगण्यात आलं की गिअरबॉक्स खाली उतरवावा लागेल. दुसरीकडे म्हणाले, पुढचं सगळं मीटरच बदला. शेजारच्या एका गृहस्थांनी तर फुकटचा सल्ला दिला: "मीटर बंद आहे ते बरंच झालं की! किलोमीटर कमी दिसतील, दोन पैसे जास्तच येतील." ताईनं तो सल्ला ऐकला आणि मला फोन केला. म्हणाली, "गाडी घेणारी मुलगी माझ्याच शाळेत नव्यानं लागलीय. तिला मी खोटा आकडा दाखवून गाडी देऊ? तू ये आणि बघ एकदा."

मणी सरकला की एक

वाचकहो, पुढे जाण्याआधी हा काटा हलतो कसा ते समजून घेऊ. ते कळलं की निम्मी भीती जाते.

पूर्वीच्या पद्मिनी, अॅम्बॅसॅडर, मारुती ८०० या गाड्यांत गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत एक लांब केबल यायची. चाकं फिरली की गिअरबॉक्समधलं एक दातेरी चाक फिरायचं, त्यावर केबलची आतली तार फिरायची आणि ती तार मीटरमधला काटा हलवायची. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीचं जुनं भाड्याचं मीटरही अशाच केबलच्या जोरावर आकडे पुढे ढकलायचं. तार सुकली की काटा थरथरायचा, तार तुटली की काटा झोपायचा. निदान सोपं होतं.

पुढे केबल गेली आणि तिच्या जागी सेन्सर आला. गिअरबॉक्सवर, चाकांकडे जाणारे दांडे जिथून निघतात त्याच्या आसपास, अंगठ्याएवढी प्लॅस्टिकची वस्तू बसवलेली असते. तिच्या खालच्या टोकाला नायलॉनचं छोटं दातेरी चाक असतं. ते गिअरबॉक्समधल्या मोठ्या चाकाबरोबर फिरतं. त्याच्या फिरण्यासरशी सेन्सरच्या पोटातलं लोहचुंबक फिरतं आणि विजेचे ठोके निघतात. आजी जपमाळ ओढते ना, मणी सरकला की एक, दुसरा सरकला की दोन, तसंच मीटर हे ठोके मोजतं. किती ठोके झाले त्यावरून अंतर कळतं, किती भराभर आले त्यावरून वेग कळतो. जपानी वळणाच्या पुष्कळ गाड्यांत हे दातेरी चाक एका किलोमीटरला ६३७ वेळा फिरतं. एका फेरीला चार ठोके धरले, तर किलोमीटरला २,५४८ मणी!

आता इंजिन बंद का पडायचं? हे ठोके फक्त मीटरकडे जात नाहीत. पुष्कळ गाड्यांत ते इंजिनाचा कारभार पाहणाऱ्या संगणकालाही मिळतात. पाय उचलल्यावर गाडी अजून पळतेय की उभी राहतेय, हे त्याला या ठोक्यांवरून कळतं आणि तो इंजिनाला हवा-पेट्रोल बेतानं देतो. ठोकेच आले नाहीत तर त्याचा अंदाज चुकतो. म्हणजे ताईच्या गाडीची दोन दुखणी वेगळी नव्हती. मूळ एकच असण्याचा संभव होता.

आधी आपली गाडी ओळखा

इथे एक इशारा. हे काम प्रत्येक गाडीत नसतं, आणि असलं तरी प्रत्येकानं करायचं नसतं.

आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या मोटारींना एबीएस ब्रेक सक्तीचे झाले. त्यासाठी प्रत्येक चाकापाशी सेन्सर असतो, आणि बऱ्याच नव्या गाड्या वेगाचा हिशेब तिथूनच घेतात. अशा गाडीत गिअरबॉक्सवर शोधायला गेलात तर हाती काहीच लागणार नाही. ऑटोमॅटिक गाडीत आत येणारा वेग आणि बाहेर जाणारा वेग मोजायला दोन वेगळे सेन्सर असू शकतात. काही गाड्यांत ते गिअरबॉक्सच्या पोटात, तेलात बुडालेले असतात. ते काम घरी करू नये. क्लच आपोआप दाबणाऱ्या, २०१४ पासून आपल्याकडे रुळलेल्या एएमटी गाड्यांतही हात घालू नये; तिथे काम झाल्यावर संगणकाला पुन्हा धडे द्यावे लागतात आणि त्याचं यंत्र वर्कशॉपमध्येच असतं.

साधा हातानं टाकायचा गिअर, सेन्सर बोनेट उघडल्यावर वरून हाताला लागतोय, अशी गाडी असेल तरच पुढे वाचा. गाडीखाली शिरूनच तिथे पोचता येत असेल, तर सरळ खड्डा किंवा रॅम्प असलेल्या गॅरेजमध्ये जा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली क्षणभरसुद्धा शिरायचं नाही. जॅक सटकायला क्षणच लागतो, आणि त्या एका क्षणानं घरं उजाड झाली आहेत.

दुखणं कुठलं, औषध कुठलं

रविवारी सकाळी मी नाशिकला पोचलो. भाचीनं अंगणात गाडी सपाट जागी लावून ठेवली होती, हातब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून विटा. ती पॉलिटेक्निकला आहे. म्हणाली, "मामा, तू खुर्ची टाकून बस आणि सांगत जा. हात मी घालणार." मला काय, चहा समोर होताच.

पहिला नियम: सेन्सर विकत आणायची घाई करायची नाही. दहात एखादी गाडी अशी निघतेच की सेन्सर धडधाकट, आणि बिचाऱ्याकडे वीजच पोचत नाही. म्हणून आधी फ्यूज पाहिला. तो ठीक होता. मग सेन्सर शोधायचा होता, तर वर हवेच्या फिल्टरचा डबा आडवा. दोन क्लिपा आणि एक नळी काढून डबा बाजूला ठेवला. आत सेन्सर दिसला, धुळीनं आणि तेलानं माखलेला. तिथे जाणारी वायर उंदरानं कुरतडलीय का हे निरखून पाहिलं. पावसाळ्यात ऊब शोधत उंदीर बोनेटखाली येतात आणि वायरीवर दात चालवतात. हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना असेल. इथे वायर शाबूत होती.

कनेक्टरची क्लिप दाबून तो सोडवला. आतल्या पितळी टोकांवर हिरवट थर होता. पुष्कळदा दुखणं इतकंच असतं. भाचीनं कनेक्टर साफ करायचा फवारा मारला, जुन्या टूथब्रशनं हलक्या हातानं घासलं, वाळवलं, जोडलं. गल्लीतून एक फेरी मारली. काटा शून्यावरच.

मग मल्टिमीटर काढला. ताईच्या सेन्सरला तीन वायरी होत्या. एक वीज आणणारी, एक अर्थिंगची, एक ठोके नेणारी. कनेक्टर सोडवून, चावी फिरवून पण इंजिन चालू न करता, गाडीकडच्या बाजूला वीज मोजली, बॅटरीइतकी आली. अर्थिंगही ठीक. म्हणजे जेवण पोचतंय, पण जेवणारा काम करत नाही. चावी चालू असताना हात पंख्यापासून लांब ठेवायचा हे विसरू नका. काही गाड्यांत पंखा आपण होऊन फिरायला लागतो.

चावी बंद करून सेन्सर बाहेर काढला. तो कसा, ते पुढे येतंयच. कनेक्टर पुन्हा जोडला, चावी फिरवली आणि भाचीनं खालचं नायलॉनचं चाक बोटानं हळूहळू फिरवलं. सेन्सर चांगला असेल तर ठोके नेणाऱ्या वायरीवरचा मल्टिमीटरचा आकडा खाली-वर उडी मारतो. इथे तो जागचा हलला नाही. चाकाचे दात मात्र सगळे शाबूत होते. निदान पक्कं झालं. गिअरबॉक्स उतरवायची गरज नव्हती, मीटर बदलायची नव्हती. सेन्सर मेला होता.

(तुमच्या सेन्सरला दोनच वायरी असतील तर तो वेगळ्या जातीचा. त्याला बाहेरून वीज लागत नाही आणि त्याची तपासणीही वेगळी. ती गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात पाहूनच करावी.)

बदलायचा तो असा

जुना सेन्सर हातात घेऊनच दुकानात गेलो. गाडीचा चेसिस नंबरही बरोबर नेला. दुकानदारानं दोन काढून दाखवले. दिसायला जुळे भाऊ. पण एकाच्या चाकाला एक दात कमी! तो बसवला असता तर काटा हलला असता, पण खोटा वेग दाखवत. म्हणून दात मोजा, लांबी जुळवा, कनेक्टरचा आकार पाहा. नकली माल स्वस्त मिळतो, पण इंजिनाच्या उष्णतेत तो किती टिकेल याची खात्री नसते. काही ठिकाणी नुसता सेन्सर मिळतो आणि जुनंच चाक त्याला लावायचं असतं. ते एका बारीक पिनेवर असतं, ती पिन हरवू नका.

आता काम क्रमवार सांगतो.

गाडी पूर्ण थंड होऊ द्या. तपासणी संपली की चावी काढा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. सेन्सरच्या भोवतालची जागा ब्रशनं आणि फडक्यानं लख्ख करा. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण सेन्सर निघाला की तिथे गिअरबॉक्समध्ये उघडं भोक राहतं. वरची माती त्यातून आत गेली तर ती तेलात फिरत राहते. दुकानात जाईपर्यंत आम्ही त्या भोकात स्वच्छ फडक्याचा बोळा बसवून ठेवला होता, आणि त्याला दोरा बांधून दोऱ्याचं टोक बाहेर ठेवलं होतं. बोळा आत पडायला नको!

सेन्सर बहुधा एकाच बोल्टनं धरलेला असतो. ताईच्या गाडीला दहा नंबरचा पाना लागला. बोल्ट काढून वाटीत ठेवा. मग सेन्सर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सरळ वर ओढा. वर्षानुवर्षांचं रबर चिकटलेलं असतं, वेळ लागतो. स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटायला गेलात तर प्लॅस्टिक तुटून निम्मं आत राहील, आणि मग मात्र खरंच गॅरेज गाठावं लागेल. थोडं तेल बाहेर येईल, खाली फडकं ठेवा.

नव्या सेन्सरच्या गळ्यातली रबरी रिंग पाहा. नसेल तर वेगळी, नवी मागून घ्या. तिला गिअर ऑइलचं बोट लावा. सेन्सर सरळ आत सोडा आणि किंचित मागेपुढे फिरवा. आतले दात एकमेकांत बसले की तो आपण होऊन तळाला टेकतो. टेकत नसेल तर बाहेर काढून पुन्हा घाला. ठोकायचं नाही. बोल्टनं खाली खेचायचाही नाही. बोल्ट आधी बोटांनी फिरवा, मग पान्यानं बेतानं आवळा. गिअरबॉक्सचं अंग अॅल्युमिनियमचं असतं. जोर केला की आटे गेलेच समजा. कनेक्टर 'टक्' आवाज येईपर्यंत बसवा, फिल्टरचा डबा जागेवर लावा, शेवटी बॅटरीची वायर जोडा.

भाचीनं हे सगळं पाऊण तासात केलं. त्यातली वीस मिनिटं जुना सेन्सर सैल करण्यात गेली.

माझी चूक

रबरी रिंगेवर मी इतका भर का देतोय? कारण त्या रिंगेनं मला धडा शिकवलाय. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या गाडीचा सेन्सर मीच बदलला होता. रविवारी दुकानं बंद, नवी रिंग नाही. जुनी कडक झाली होती, पण म्हटलं, "चालतंय की!" काटा हलायला लागला, मी खूश. तेल मात्र थेंबथेंब पाझरत होतं. गाडीखाली वाकून पाहायची तसदी मी घेतली नाही. तीन आठवड्यांनी कसारा घाट चढताना गिअरबॉक्समधून रडल्यासारखा आवाज यायला लागला. बेअरिंग गेलं होतं. दहा-वीस रुपयांच्या रिंगेची किंमत मी गिअरबॉक्सच्या दुरुस्तीत मोजली. शिवाय घाटात, रात्री, मुलाबाळांसकट अडकलो ते वेगळंच.

म्हणून ताईच्या अंगणात काम झाल्यावर लगेच टाळ्या पिटल्या नाहीत. गिअर ऑइलची पातळी पाहिली, सांडलं तेवढं भरलं. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा ठेवला. सकाळी तो कोरडा निघाला, तेव्हा मी निर्धास्त झालो. तुम्हीही आठ दिवस पुठ्ठ्याचा हा उपाय चालू ठेवा.

चाचणीला भाऊजी शेजारी बसले, हातात मोबाइल. त्यातल्या उपग्रहाच्या मदतीनं वेग कळतो. काटा साठावर, मोबाइलवर छप्पन्न. भाऊजी लगेच म्हणाले, "चुकतंय!" चुकत नव्हतं. मीटर खऱ्यापेक्षा थोडा जास्त वेग दाखवेल, कमी कधी दाखवणार नाही, असाच बेत गाड्या बनवणारे ठेवतात. खूप फरक असेल तरच दातांची संख्या पुन्हा तपासा. द्वारका चौकात मुद्दाम दोनदा सिग्नलला थांबलो. इंजिन एकदाही बंद पडलं नाही. इंजिनाचा पिवळा दिवा आधीपासून लागला असेल, तर तो काही दिवसांत आपण होऊन जातो; नाही गेला तर गॅरेजमध्ये स्कॅनर लावून घ्या. वेगाच्या सेन्सरची तक्रार त्यावर बहुधा 'पी ०५००' या आकड्यानं दिसते.

खरा आकडा

एवढं झालं तरी ताईचा प्रश्न उरलाच होता. मीटर आता ७१,४१२ पासून पुढे चालू लागलं, पण मधल्या आठ महिन्यांचं काय?

मीटर बंद पडणं ही नुसती गैरसोय नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे गाडीला वेगमापक असणं आवश्यक आहे. काटा बंद असेल तर वेगमर्यादा पाळणार कशी? आणि आकडा थांबला की तेल कधी बदलायचं, पट्टा कधी बदलायचा, सगळंच चुकतं. पुढच्या मालकाच्या बाबतीत तर ती चूक थेट त्याच्या जिवाशी येऊ शकते.

ताईनं कपाटातून घरखर्चाची वही काढली. गेली कित्येक वर्षं ती पेट्रोलचा खर्च लिटरसकट लिहिते. आठ महिन्यांत २४८ लिटर भरलं होतं. गाडी शहरात लिटरला सुमारे पंधरा किलोमीटर देते. गुणाकार भाचीनं केला: ३,७२०. ताईनं कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलं की मीटर इतके दिवस बंद होतं, सेन्सर अमुक तारखेला बदलला, मीटरवरच्या आकड्यात सुमारे ३,७०० किलोमीटर जास्त धरावेत. खाली सही.

घेणाऱ्या मुलीनं कागद वाचला आणि दोन हजार रुपये कमी करून मागितले. भाऊजी माझ्याकडे बघायला लागले. ताई म्हणाली, "बरोबर आहे तिचं," आणि दोन हजार सोडले. त्या मुलीनं कागदाची घडी करून गाडीच्या कप्प्यात, कागदपत्रांच्या पाकिटात ठेवली. म्हणाली, "टीचर, मी विकीन तेव्हा हा पुढे देईन."

शेजारच्या गृहस्थांना हे कळलं तेव्हा ते हसले. हसू देत. भाचीला आता गल्लीतून आणखी दोन गाड्यांची बोलावणी आली आहेत, आणि तिनं एकच अट घातली आहे: रबरी रिंग नवी आणून ठेवा, मगच मला बोलवा.